सुभेदारांची हरभऱ्याची लढाई

सुभेदार डोंगरवारांना हळू बोलता येत नसे. सारा जन्म तोफखान्यात गेलेला. तोफेशेजारी उभं राहून जे बोलायचं ते ओरडूनच बोलायचं, ही सवय लागली ती लागलीच. कानांनीही थोडी साथ सोडली होती, पण ते त्यांना मान्य नव्हतं. "लोकच आजकाल तोंडातल्या तोंडात बोलून राहिले," असं त्यांचं म्हणणं. भिलाईला लागून असलेल्या पद्मनाभपूरला त्यांचं घर माझ्या घरासमोर. त्यांनी जेवताना वहिनींकडे मीठ मागितलं की आमच्याकडे माझी बायको नकळत मिठाची बरणी उचलायची. एकदा सिविक सेंटरच्या एका हॉटेलात डोसा खात बसलो असताना ते माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "स्टोअरबाबू, कोनाले सांगू नका, पन गिरडकरच्या पोरीचं जमून राहिलं." स्टोअरबाबू म्हणजे मी, भिलाईच्या पोलाद प्लांटच्या स्टोअरमध्ये माझी नोकरी झाली. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसानं उठून माझा हात हातात घेतला आणि अभिनंदन केलं. गिरडकर मीच असावा, असा त्याचा समज झाला होता. मुलगी चांगल्या घरी पडो म्हणाला. मी आभार मानले.

दिसायला सुभेदार मोठे नव्हते. उंची बेताची, पोट सपाट, मिशी मात्र दोघांना पुरून उरेल अशी. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची असली तरी बुटांना पॉलिश. लष्करातून त्यांनी एक शब्दप्रयोग सोबत आणला होता, "कोई शक?" तिकडे म्हणे धडा संपला की उस्ताद असं विचारतात आणि रंगरूट "नहीं उस्ताद" म्हणून ओरडतात. इकडे उस्ताद तेवढा उरला होता. त्यामुळे रंगरूटांचं काम आम्हा गल्लीकरांवर आलं. सुपेल्याच्या बाजारात त्यांनी एका भाजीवालीला बजावलं, "ही मेथी कालची हाय. कोई शक?" ती बाई छत्तीसगढी, डोक्यावरचा पदर सावरत शांतपणे म्हणाली, "हव साहेब, शक हे. आजेच टोरे हंव." आजच तोडलीय म्हणाली. सुभेदारांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी शक असल्याचं सांगितलं असावं. त्यांनी दोन जुड्या घेतल्या आणि परतताना रस्ताभर तिची तारीफ केली.

नकाशाशिवाय काही करायचं नाही, हा त्यांचा नियम. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीचं विसर्जन त्यांनी एका वर्षी हाती घेतलं. आम्हाला घरी बोलावलं आणि जेवणाच्या टेबलावर भाजी मांडून मोर्चेबांधणी समजावली. "हा कांदा म्हंजे आपला ट्रक. ह्या मिरच्या म्हंजे ढोलवाले. हे लिंबू म्हंजे ट्राफिक पोलीस. ट्रक इथून वळन, मिरच्या लिंबाले बाजूला घेतीन." आम्ही गंभीरपणे माना डोलावत होतो. तेवढ्यात वहिनी आल्या, ट्रक उचलला आणि चिरायला घेतला. मागोमाग दोन ढोलवालेही गेले. सुभेदार ओरडले, "अवं यशोदा, मिरवनूक निघाची हाय!" वहिनी आतून म्हणाल्या, "निघन ना. पन पोहे खाऊन निघन."

यशोदावहिनींबद्दल सांगितल्याशिवाय सुभेदारांबद्दल सांगता येणार नाही. त्या साकोलीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. लग्न झालं आणि मातीच सुटली. कधी सासरी, कधी छावणीतल्या क्वार्टरात. प्रत्येक क्वार्टरच्या दारापुढे त्यांनी काही ना काही पेरलं आणि ते पिकायच्या आत बदलीचा हुकूम आला. जबलपूरचे टमाटे मागून क्वार्टरात आलेल्या नायक हुद्द्याच्या जवानाच्या बायकोनं खाल्ले. अंबाल्याच्या वालाच्या शेंगा कुणी तोडल्या ते कळलंच नाही. हे सगळं त्या हसत सांगायच्या. हसायच्या, पण दर वेळी सांगायच्या. सुभेदार निवृत्त झाले, मुलाच्या नोकरीमागे भिलाईत आले. मुलगा पुढे बंगलोरला गेला, हे दोघं इथंच राहिले. तेव्हा सुभेदारांनी त्यांना विचारलं होतं, आता सांग, तुले काय पायजे. सोनं म्हण, चारधाम म्हण. वहिनी म्हणाल्या, "मले वावर पायजे."

म्हणून शिवनाथेच्या काठच्या एका गावात छोटंसं शेत घेतलं. धान निघाल्यावर वहिनी त्यात हरभरा पेरायच्या. त्यांचं स्वप्न अगदी साधं होतं. घाटे भरले की त्यातले हिरवे दाणे, म्हणजे सोले, काढायचे, मोठ्या गंजात सोलेभात रांधायचा आणि गल्लीला शेतावर बोलावून जेवू घालायचं. आपल्या हातानं पेरलेलं आपल्या हातानं वाढायचं. पहिल्या वर्षी घाटे भरले आणि नदीकाठच्या आमराईतून काळ्या तोंडाच्या वानरांची टोळी आली. दुसऱ्या वर्षीही तेच. वाटीभर सोलेदेखील घरी आले नाहीत. गावातल्या दोघा-तिघांनी कंटाळून हरभरा सोडला, एकानं शेतच प्लॉटवाल्याला दिलं. तो प्लॉटवाला मग वहिनींच्या शेताच्या बांधावरही दिसू लागला. तिसऱ्या वर्षी पेरणी झाली त्या संध्याकाळी वहिनी आमच्यासमोरच सुभेदारांना म्हणाल्या, "ह्या साली बी गेलं तं वावर इकून टाका. मंग मी काई मांगनार नाई." आवाज चढला नव्हता, रागही नव्हता. सुभेदारांच्या घरातून आवाज आला नाही अशी ती एकच रात्र मला आठवते.

सकाळी मात्र त्यांनी माझ्या व्हरांड्यात युद्ध पुकारलं.

सैन्य जमायला वेळ लागला नाही, कारण भिलाईत रिटायर्ड माणसाला काम नसतं आणि सवय मात्र ड्यूटीची असते. कोक ओव्हनचा गिरडकर आला. मुलीचं लग्न पार पडलं होतं, आता तो मोकळाच होता. रेल मिलचे नायर आले. केरळचे, पण जन्म भिलाईत गेल्यामुळे मराठी सगळी समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायचे. गिरडकरनं प्लांटमधले आणखी चार-पाच निवृत्त गडी गोळा केले. शेजारच्या शेताचे मालक साहूजी स्थानिक मदतनीस म्हणून घेतले, कारण चहाची झोपडी त्यांची होती. कांदे-मिरच्यांवर नकाशा समजावून झाला. सुभेदारांनी पहिलाच हुकूम सोडला, "दगड नाई, गुलेल नाई, काठी अंगाले लागली नाई पायजे. जनावराले हात लावाचा नाई. फक्त असं भेवाडाचं का पुन्हा इकडे पायलं नाई पायजे. कोई शक?"

नायर म्हणाले, "सर, डरेगा कैसे?"

"ते माह्यावर सोडा," सुभेदार म्हणाले. मला तेव्हाच शंका आली होती.

शत्रूचा सरदार म्हणजे एक थोराड वानर होता. एक कान फाटलेला, शेपूट भलं लांब, आणि बसायची पद्धत अशी की समोर आपण उभे आहोत याची आपल्यालाच लाज वाटावी. मी सहज त्याला ब्रिगेडियर म्हणालो तर सुभेदार खवळले. शत्रूला आपल्यापेक्षा वरचा हुद्दा दिला की फौजेचं मनोबल खचतं म्हणाले. त्यांनी त्याला लान्सनायक केलं. "त्याची लायकी इतकीच," म्हणाले.

पहिलं शस्त्र सुपेल्यातून आलं. वाघ. कापसाचा, केशरी, मोठ्या कुत्र्याएवढा. दुकानात मिळाला तो एकच, आणि तो हसत होता. गिरडकरनं हे दाखवून दिलं तेव्हा सुभेदार म्हणाले की वानराला लांबून दात दिसतात, हसू दिसत नाही. आम्ही वाघ शेताच्या मधोमध खुंटीला बांधला आणि लपून बसलो. टोळी आली. पिल्लांनी आयांना घट्ट धरलं. सुभेदार माझ्या कानात कुजबुजले, म्हणजे शेजारच्या गावाला ऐकू गेलं, "पाहा, भ्याले!" लान्सनायक पुढे झाला. वाघाला एक प्रदक्षिणा घातली, पाठीमागून शेपूट ओढून पाहिलं आणि वाघाच्या पाठीवर बसून हरभऱ्याची कोवळी पानं खायला लागला. मग पिल्लंही आली. एक पिल्लू वाघाच्या नाकाला लोंबकळत होतं. साहूजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुपारपर्यंत वाघाचा कापूस शेतभर पसरला आणि सुभेदारांनी लान्सनायकाला नायक केलं. "काम केलं तं मानावं लागते," म्हणाले.

दुसरं शस्त्र आवाजाचं. नायरांच्या फोनवर वाघाची डरकाळी होती आणि गिरडकरनं कुठल्याशा लग्नातला भोंगा आणला. टोळी शेतात उतरताच सुभेदारांनी हात खाली केला. नायरांनी बटण दाबलं. भोंग्यातून गोड आवाजात एक बाई साबणाची महती सांगू लागली. डरकाळीच्या आधी जाहिरात येते, हे युद्धाच्या आराखड्यात नव्हतं. "बंद करा तिले!" सुभेदार ओरडले. नायर म्हणाले, "सर, स्किप नहीं हो रहा." जाहिरात संपली, डरकाळी आली, तोवर वानरं त्या बाईच्या आवाजाला इतकी सरावली होती की डरकाळीलाही त्यांनी साबणच समजून घेतलं असावं. नायक तेवढा एकदा वळून बघून गेला. त्याला हवालदार करण्यात आलं.

मंगळवारचा प्रश्न वेगळाच होता. मंगळवारी आमच्यातले निम्मे लोक हनुमानाचा उपास करत. साहूजी तर सकाळी मंदिरात जाऊन येताना केळी घेऊन येत आणि आमराईखाली ठेवत. सुभेदारांनी त्यांना रंगे हाथ पकडलं. "साहूजी, तुमी शत्रूले रसद पुरवून राहिले?" साहूजी हात जोडून म्हणाले, "का करबे साहेब, आज मंगलवार हे. बेंदरा घलो त ओकरेच सेना आय." वानरंही त्याचीच सेना ना, म्हणाले. सुभेदारांनी खूप विचार केला. रामाच्या सैन्यावर चाल करणं त्यांच्या लष्करी शिस्तीत बसेना. शेवटी मंगळवारची युद्धबंदी जाहीर झाली. ती आम्ही पाळली. त्यांनी पाळली नाही.

तरीही खरं सांगतो, आम्ही जिंकत होतो. वाघ गेला, भोंगा गेला, पण माणसं शेताच्या चारी बाजूंना उभी राहू लागली आणि वानरं बिचकू लागली. पिकाचा बराच भाग वाचला होता. घाटे धरले. वहिनी रोज आमच्या गाडीतून यायच्या आणि पूर्वेच्या कोपऱ्यात बोरीच्या झाडाखाली निंदत, खुरपत, स्वतःशी बोलत बसायच्या. त्यांचं नाव फौजेत नव्हतं. जिचं शेत ती मालकीण, तिला कसली ड्यूटी, असं सुभेदारांचं म्हणणं. संध्याकाळी त्या चार घाटे हातात घेऊन दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, "भरून राहिले वं माय." त्यांचा चेहरा बघून आम्हीही म्हातारपण विसरून जोरजोरात शिट्ट्या फुंकायचो.

घोटाळा झाला तो आमच्या हाडात मुरलेल्या प्लांटमुळे.

सुभेदारांची पद्धत अशी होती की पहारेकरी एकेक करून, जागच्या जागी बदलायचा. पण आमची मंडळी म्हणजे उभी हयात ए शिफ्ट, बी शिफ्ट केलेली. सकाळची शिफ्ट, दुपारची शिफ्ट, बदल दोन वाजता. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही आणि रिलीव्हर आला की नुसतं "जातो" म्हणून निघायचं नाही. त्याला सगळं नीट समजावून द्यायचं. काय चाललंय, काय बंद आहे, कुठं लक्ष ठेवायचं. ते उभ्याउभ्या होत नाही. त्याला चहा लागतो. आणि चहा साहूजींच्या झोपडीत, शेताच्या पार दुसऱ्या टोकाला. गिरडकरनं हे सुभेदारांना अशा काही गांभीर्यानं पटवलं, की जणू फर्नेस थंड पडायचा प्रश्न होता. "हँडओव्हर एका जागी झाला पायजे साहेब. नाई तं अपघात होते."

सुभेदारांनी आधी विरोध केला. मग त्यांच्या लक्षात आलं की दोन वाजता दोन्ही शिफ्ट एकत्र असतील, म्हणजे परेड घेता येईल. हा मोह त्यांना आवरला नाही. इतकी वर्षं रंगरूटांवाचून काढलेला माणूस! दोनला त्यांनी लांब शिट्टी फुंकायची, सगळ्यांनी झोपडीपुढे रांगेत उभं राहायचं, गिनती, रिपोर्ट, "कोई शक?", "नहीं उस्ताद!" आणि मग चहा. आम्हालाही मजा वाटायची. पोट आत घेऊन उभं राहायला लागल्यापासून माझी कंबरदुखी कमी झाली होती.

आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही की दोन वाजता शेतावर पहारा नसतो. त्याहून वाईट म्हणजे तो नसतो हे आम्ही लांब शिट्टी वाजवून साऱ्या शिवाराला कळवत होतो.

हवालदाराला ते कळलं होतं. सुरुवातीला थोडं थोडं जायचं. शिट्टी वाजली की टोळीतले काही उतरायचे, आमचा झोपडीत चहा होईतो खायचे आणि पहिला माणूस परत फिरला की झाडावर. आम्हाला वाटायचं, पाखरं खाऊन जातात. मग घाटे पुरते भरले. वहिनी म्हणाल्या, "उद्या सोले काढू. परवा सगळ्याईले जेवाले बोलवा." सुभेदारांच्या मिशीखाली मी एवढं मोठं हसू कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी दोनला खास परेड ठेवली. विजयाची.

त्या दिवशी ते कडक इस्त्रीचा कोट आणि छातीवर मेडल लावून आले. लांब शिट्टी झाली. आम्ही रांगेत उभे. सुभेदार शेताकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. "सावधान!" आम्ही टाचा जुळवल्या. "माहा हुकूम होईपर्यंत कोनी हलाचं नाई, कोनी बोलाचं नाई!" आणि भाषण सुरू झालं. आधी तोफखान्याचा इतिहास. मग शिस्तीचं महत्त्व.

मला समोर दिसत होतं. रांगेतल्या सगळ्यांनाच दिसत होतं. सुभेदारांच्या खांद्यामागे आमराई हलली आणि अख्खी टोळी शांतपणे, घाई न करता उतरली. पुढे हवालदार. त्यांनीही आमच्यासारखी रांगच धरली होती. मी डोळे मोठे केले. सुभेदारांना वाटलं, भाषण भिडतंय. त्यांनी आवाज आणखी चढवला. गिरडकरच्या गळ्यातून "ऊं" असा आवाज आला. "चूप! रांगेत कोन बोललं?" नायरांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. ते पाहून सुभेदारांनी मेडलवर हात ठेवला. "नायर, तुमच्या भावना समजतो मी," ते म्हणाले, आणि आमच्या एकजुटीवर बोलत राहिले. मागे हरभरा असा उपटला जात होता की कुठल्या मजुरांना जमणार नाही.

अखेर "विश्राम" आला तेव्हा आम्ही सगळे एकदम ओरडलो. सुभेदार वळले. हवालदार बांधावर बसून शेवटचा घाटा सोलत होता. त्यानं सुभेदारांकडे पाहिलं, दाणा तोंडात टाकला, टरफल खाली टाकलं आणि उठून चालू लागला.

"बोलले कावून नाई?" सुभेदारांचा आवाज नदीपलीकडे गेला असेल. "आं? बोलले कावून नाई तुमी?"

नायर डोळे पुसत म्हणाले, "सर, आपने सावधान बोला था."

मला हसू आवरेना. गिरडकरही हसत होता. साहूजी तर झोपडीचा खांब धरून खाली बसले. मग सुभेदार शेतात शिरले आणि आमचं हसू आपोआप विरलं. उपटलेली, चुरगाळलेली झाडं सगळीकडे. ते एकेक झाड उलटं करून बघत होते, एखादा तरी घाटा राहिला असेल म्हणून. छातीवर मेडल, गुडघ्यांना माती. इतका हरलेला माणूस मी पाहिला नव्हता.

चालत चालत ते पूर्वेच्या कोपऱ्यापाशी गेले आणि थांबले. आम्हीही गेलो. बोरीच्या झाडाभोवतीचा तुकडा हिरवागार उभा होता. घाट्यांनी लगडलेला. एका झाडाला धक्का नव्हता. मधे वहिनी खुरपं घेऊन बसल्या होत्या.

"इकडे नाई आले?" सुभेदारांनी विचारलं.

"येऊन राहिले होते. मी हट म्हनलं तं गेले," वहिनी म्हणाल्या. "रोज शिट्टी झाली का येतेत, मले वाटलं तुमाले मालूम हाय. तो फाटक्या कानाचा लय आगाऊ हाय."

"शिट्टी झाली तं तुमी चहाले नाई येत का वहिनी?" गिरडकरनं विचारलं.

"मी कशी येऊ? मंग इथं कोन बसन?"

गिरडकर प्लांटचा माणूस. त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पन तुमाले रिलीव्ह कोन करते?"

वहिनींना हा प्रश्नच गमतीचा वाटला. त्या खुरपं खाली ठेवून मोकळ्या हसल्या. "मले? मले कोन करन बाप्पा! लग्न झालं तवापासून ह्येच शिफ्ट चालू हाय माही."

त्या हसल्या म्हणून आम्हीही हसलो. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, तिथंच ढेकळांवर बसले आणि बायकोच्या हातांकडे बघत राहिले. छावण्या, बदल्या, मागे राहिलेले टमाटे, सगळं त्यांना त्या एका वेळी दिसलं असणार. मला तरी तसंच वाटलं. मग ते उठले आणि नेहमीच्या आवाजात गरजले, "तो हवालदार आजपासून सुभेदार मेजर. माह्याहून सीनियर. आता त्याच्याशी लढाई नाई." मोहीम संपली.

त्या कोपऱ्यातल्या हरभऱ्याचे सोले निघाले. गंजभर नाही, पण पातेलं भरलं. परवाचं जेवण परवाच झालं. शेतावर चूल मांडली, गल्ली आली, प्रत्येकाच्या पानावर मूठभर सोलेभात आणि ठेचा. वहिनींनी कुणालाही वाढायला हात लावू दिला नाही. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी घेतला, पहिला घास खाल्ला आणि मग पानातला एकेक सोला वेचून खाल्ला. प्लॉटवाला त्या दिवशीही बांधावर आला होता. सुभेदारांनी त्यालाही पानावर बसवलं आणि जेवून झाल्यावर सांगितलं, "आता जा. वावर इकनार नाई. कोई शक?" त्याला कसलाही शक उरला नसावा.

पुढच्या हंगामात मी नागपूरला मुलीकडे कायमचा राहायला निघालो. निरोप घ्यायचा म्हणून शेतावर गेलो. फौज नव्हती, शिट्टी नव्हती. नायर आणि गिरडकर आपापल्या घरी होते. बोरीखाली एक खाट टाकलेली आणि तिच्यावर भर दुपारी वहिनी झोपलेल्या. तोंड उघडं, पदर तोंडावरून घसरलेला, एक हात खाटेखाली लोंबत होता. इतक्या गाढ झोपलेल्या मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या. घरी गेलं की त्या नेहमी कशाच्या तरी मागे असायच्या.

सुभेदार खाटेपासून चार पावलांवर काठी घेऊन उभे होते आणि त्यांच्या समोर, पहिल्याच सरीत, फाटक्या कानाचा सुभेदार मेजर हरभरा खात बसला होता. सोबत चार-पाच जण होते. एक हाक पुरली असती. तो आवाज मला ठाऊक होता. त्या आवाजानं टोळी थेट शिवनाथेच्या पलीकडे गेली असती. पण सुभेदार ओरडत नव्हते. ते चवड्यांवर उभे राहून काठी डोक्यावर गरगर फिरवत होते, गाल फुगवत होते, डोळे वटारत होते, एका पायावर उड्या मारत होते, आणि हे सगळं आवाज न करता. वानरं खाता खाता कौतुकानं बघत होती. पिल्लांना तर फारच आवडलं होतं. हातातला घाटा संपला की दुसरा तोडून ती पुन्हा समोर बसत.

मी हसणार, तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. झटकन ओठांवर बोट ठेवलं आणि काठीनं खाटेकडे खूण केली. वहिनी कूस बदलून पुन्हा घोरू लागल्या. ते थोडा वेळ तिकडेच बघत राहिले. मी हातानंच सांगितलं की मी जातोय, कायमचा जातोय. त्यांना ते समजलं. त्यांनी काठी बगलेत घेतली, ताठ उभे राहिले आणि मला कडक सलाम केला. त्यासाठी उचललेली टाच मात्र त्यांनी मातीवर अगदी हळू, आवाज न करता टेकवली.